चिनी टोपली आणि साडीचा फॉल

पहाडगंज, सोमवार

"मुलगी बोलत नाही, पण हात बोलतात तिचे," शैलामावशी आतल्या खोलीत कुणाला तरी सांगत होती.

मी बाहेरच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसले होते आणि माझे हात मांडीवर गप्प पडले होते. समोर पायाचं शिवणमशीन, मशीनवर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर ती टोपली. जिच्यासाठी मी सोलापूरहून दिल्लीला आले होते, ती. घरी मात्र मी सांगितलं होतं की मला कुतुबमिनार बघायचा आहे.

टोपली गोल, झाकणाची, मोठ्या भाकरीएवढ्या घेराची, जुन्या चिंचेच्या रंगाची. झाकणावर हिरव्या काचेच्या दोन कड्या, लाल मणी, मधोमध चौकोनी भोक असलेली पितळी नाणी आणि रंग उडालेला एक रेशमी गोंडा. शंभरेक वर्षांपूर्वी चीनमध्ये अशा टोपल्या विणून अमेरिकेत पाठवत. तिथल्या बायका त्यांत सुया-दोरे ठेवत. आता जगभरात काही माणसं या टोपल्या जमवतात, दुरुस्त करतात आणि इंटरनेटवर एकमेकांना फोटो दाखवतात. मी त्यांतली एक. सोलापुरात बहुधा मी एकटीच. दुसरी कुणी असती तरी आम्ही एकमेकींशी बोललो नसतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

माझ्याकडे तीन टोपल्या आहेत. धूळ झाडायला मी चित्रकलेचा मऊ ब्रश वापरते. तुटलेली वीण ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवून मऊ करते आणि त्यात बांबूची पातळ काडी ओवते. नाणी घासून चकचकीत करत नाही. जुनी वस्तू जुनी दिसावी, फक्त मोडकी दिसू नये, एवढाच माझा नियम. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही, हेही मला आवडतं.

चौथ्या टोपलीचा शोध मावशीने लावला, तिच्या नकळत. मावशीचे यजमान केंद्र सरकारात आहेत आणि ती दोघं वीसेक वर्षं दिल्लीत आहेत. नाताळात तिने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला: "साळवेबाईंकडचा फराळ." ताटात करंज्या, चकल्या, अनारसे. सगळ्यांनी करंज्यांना अंगठे दाखवले. मी फोटो मोठा करत करत ताटाच्या मागच्या मशीनपर्यंत गेले आणि तिथे मला ती हिरवी काच दिसली.

साळवेबाई शाळेत शिवण शिकवत. मावशीची मुलगी त्यांच्या हाताखालून गेली होती. निवृत्त होऊनही त्या 'बाई'च राहिल्या. पहाडगंजच्या एका बोळात, हॉटेलांना पुरवायच्या छोट्या साबणवड्यांच्या घाऊक दुकानावर त्यांचं घर होतं. जिना इतका उभा होता की वर पोचेपर्यंत माणूस आपोआप नम्र होत असे. खालच्या साबणांचा वास मात्र पार तिसऱ्या मजल्यापर्यंत न थकता यायचा.

बाई बाहेर आल्या. उंच, ताठ, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

"तू का ती टोपलीवाली?"

मी हसले. माझं बरंचसं संभाषण हसण्यावरच निभावतं.

"कुठे शिकलीस शिवण?"

"शाळेत," मावशी म्हणाली.

माझ्या इंग्रजी शाळेत क्राफ्टच्या तासाला आम्ही आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून घरं बनवत होतो. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात पोहे आले. दिल्लीतले पोहे, त्यात मूठभर मटार आणि वरून शेव. आमच्याकडे पोह्यांत शेंगदाणे घालतात. इथे हिवाळाभर कशातही मटार घालतात. मी तोंड भरून घेतलं आणि प्रश्न पुढे गेला.

टोपलीचा इतिहास बाईंनी हजेरी घेतल्यासारखा सांगितला. त्यांच्या सासूबाई नगरच्या. तिथल्या मिशनच्या शाळेत एक अमेरिकन मिससाहेब त्यांना शिवण शिकवत. परत जाताना मिससाहेबांनी टोपली सासूबाईंना दिली, सासूबाईंनी बाईंना.

"दिली म्हणजे अशी उचलून नाही दिली," बाई म्हणाल्या. "आधी माझ्याकडून एक काज करून घेतलं. काज नीट झालं, मग दिली."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

"आता शनिवारी मुलगा मला नोएडाला नेतोय. सतरावा मजला. सून म्हणते, टोपली टीव्हीचे रिमोट ठेवायला छान होईल." हे वाक्य त्यांनी एखादी दुःखद बातमी सांगावी तसं सांगितलं. "मी शोभेला ठेवणाऱ्याला ती देणार नाही. शिवणाऱ्या हातातच गेली पाहिजे. शैला म्हणाली तुझं, तेव्हा म्हटलं, बघू तरी."

माझ्या घरात काचेचं एक कपाट आहे. त्यात तीन टोपल्या आहेत आणि चौथीची जागा मी निघण्यापूर्वीच पुसून ठेवली होती. मी पोहे चावत राहिले.

मग बाईंनी आतून एक साडी आणली. मोतिया रंगाची रेशमी, जांभळ्या काठाची. "रविवारी तिकडच्या चर्चला पहिल्यांदाच जायचं. ही नेसेन म्हणते. फॉल आणून ठेवलाय, पण या डोळ्यांनी सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. लावून देशील?"

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्या आधीच साडी पिशवीत घालत होती.

"त्यात काय, शुक्रवारी आणून देईल."

जिना उतरताना मी म्हटलं, "मावशी, मला शिवता येत नाही."

"अगं, फॉल लावणं म्हणजे काय शिवण आहे का," मावशी म्हणाली. "आणि तू त्या टोपल्या शिवतेसच की."

"विणते."

"तेच ते."

लक्ष्मीबाई नगर, मंगळवार

आमच्याकडे ऊन हा माणसाचा शत्रू. जानेवारीतसुद्धा आम्ही त्याच्याकडे संशयाने पाहतो. दिल्लीत हिवाळ्यात ऊन येतं ते पाहुण्यासारखं, आणि त्याची सरबराई होते. साडेदहा वाजले की मावशीच्या कॉलनीतल्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन हिरवळीवर येतात. ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवतात. मांडीवर मटारच्या शेंगा, हातात स्वेटरच्या सुया. अर्ध्या जुन्या क्वार्टर्सच्या जागी आता टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे ऊनही पूर्वीइतकं मोकळं फिरत नाही. कुठल्या टॉवरमागे ते किती वाजता जातं, हे सगळ्यांना पाठ आहे.

मी त्या घोळक्याच्या कडेला चटईवर बसले. आदल्या रात्री चार व्हिडिओ पाहिले होते. फॉल आधी धुवावा म्हणजे नंतर आटत नाही. तो मी धुतला, वाळवला, इस्त्री केला. तीन बोटांवर एक अशा टाचण्या लावल्या. सुई ओवायला मला अकरा मिनिटं लागली, पण त्यानंतर कामाने गती घेतली. टाका उलट बाजूने घ्यायचा, सुलट बाजूला फक्त ठिपका दिसला पाहिजे. मी श्वास रोखून टाके घेत गेले. माझे ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत होते, आणि मुंग्याही वाट चुकलेल्या. तरी तीन तासांनी फॉल पूर्ण लागला आणि मला अभिमान वाटला. मी साडी उचलून उन्हात धरली.

मटार सोलणारे हात थांबले.

"बेटा," लुधियानाच्या आंटी अगदी हळू म्हणाल्या, "ये तो पल्लू की तरफ़ लगा दिया।"

माझ्या शेजारी मदुराईच्या एक काकू होत्या. त्यांनी साडीचं टोक हातात घेऊन पाहिलं, मग दुसरं टोक शोधलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात फार वाईट होता. पाटण्याच्या वहिनी हसायला लागल्या आणि मग सगळ्याच हसल्या, पण त्यात दुष्टपणा नव्हता. तीन राज्यांच्या बायकांनी मला तीन तऱ्हांनी समजावलं की फॉल निऱ्यांखाली लागतो, पदराखाली नाही. पदराला वजन लागत नाही, तो वाऱ्यावर सोडायचा असतो. मी आयुष्यात दोनदा साडी नेसले आहे आणि दोन्ही वेळा ती मला दुसऱ्या कुणी तरी नेसवली आहे. काचेची कडी चीनमधली की फिरोजाबादची, हे मी फोटोवरून सांगू शकते. साडीला दोन टोकं असतात हे मात्र मी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

दुपारभर उसवलं. उसवणं मला छान जमलं. पण रेशमावर सुईची भोकं राहिली, बारीक, एका ओळीत. माझ्या टोपल्यांच्या जगात जुन्या वस्तूला नवं भोक पाडणं हा गुन्हा आहे. मी वाफेची इस्त्री फिरवली, नखाने घासलं. बरीचशी बुजली.

मावशी रागावली नाही. ते जास्त काळजीचं होतं. तिने रात्री भाकरीबरोबर मी आणलेली शेंगाची चटणी वाढली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "उद्या करोल बाग."

करोल बाग, बुधवार

करोल बागेत मोटारीचे आरसे, लग्नाचे लेहंगे आणि सोन्याची कडी एकाच रस्त्यावर मिळतात. माणूस यातलं एक घ्यायला येतो आणि तिन्ही घेऊन जातो. आधी मावशीने मला छोले-भटुरे खाऊ घातले. भटुरा माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता. सोलापुरात सकाळी असं काही खाल्लं तर घरचे डॉक्टरांना फोन करतील. इथे शेजारच्या टेबलावरचे आजोबा दुसरा मागवत होते.

फॉल-पिकोचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट होती. त्यात एक मशीन, रंगीत रिळांची भिंत आणि पांढऱ्या दाढीचे एक मास्टरजी.

"हाथ से लगा देंगे। एक घंटा।"

मावशी काउंटरवर वाकली. "मास्टरजी, थोड़ा टेढ़ा लगाइएगा।"

"जी?"

"टाँके। थोड़े टेढ़े-मेढ़े। जैसे कोई नया-नया सीखा हो।"

मास्टरजींनी चष्मा काढला. "मैडम, सीधा करवाने लोग गाज़ियाबाद से आते हैं। टेढ़ा तो घर पे भी हो जाता है।"

"घर पे किया था। ज़्यादा टेढ़ा हो गया।"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिळांकडे पाहिलं. त्यांच्या दुकानात हिरव्याच्या सतरा छटा होत्या.

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ते कबूल झाले, एका अटीवर: दुकानाचं नाव कुणाला सांगायचं नाही. म्हणून इथेही लिहीत नाही. मग त्यांनी सुई उचलली आणि मला एक विलक्षण गोष्ट बघायला मिळाली. आयुष्यभर सरळ टाके घातलेला माणूस वाकडे घालायला बसला होता. प्रत्येक टाक्याआधी तो थांबायचा, विचार करायचा आणि सुई मुद्दाम जरा खाली न्यायचा. कपाळावर घाम आला त्यांच्या. सुरुवातीचा दीडेक हात त्यांनी असा काढला. मग बोटं आपोआप वेगात यायला लागली, ठिपके ओळीत बसायला लागले.

"टेढ़ा, मास्टरजी," मावशीने आठवण केली.

"बस जी," ते म्हणाले. "अब हाथ नहीं मानता।"

गुरुग्राम, गुरुवार

मावशीला वाटलं की मी उदास आहे, म्हणून तिने मला गुरुग्रामला एका मोठ्या दुकानात नेलं. तिथे जुन्या वस्तू मिळतात असं तिने ऐकलं होतं. वातानुकूलित हॉल, अत्तराचा वास, मंद बासरी. आणि एका कोपऱ्यात चिनी शिवणटोपल्यांची रास. सोळा टोपल्या, सोळाही एकसारख्या म्हाताऱ्या.

"हंड्रेड परसेंट ओल्ड, मैम," विक्रेता म्हणाला.

मणी प्लास्टिकचे होते. नाण्यांवर शिसपेन्सिलीसारखा काळा रंग फासलेला होता. गोंडे नवे, फक्त चहात बुडवलेले. कुणी तरी खपून या टोपल्यांना वय आणलं होतं, सुरकुती-सुरकुतीने. मला त्या माणसांचा भयंकर राग आला. कारागिरीत खोटेपणा करावा, तोही ठरवून, विचार करून? मी मनातल्या मनात त्या विक्रेत्याला एक सणसणीत भाषण दिलं.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या पाठीवरच्या पिशवीत बाईंची साडी आहे. मावशीने ती मला सांभाळायला दिली होती. भाषण मी तिथेच थांबवलं आणि आम्ही कॉफी प्यायलो.

पहाडगंज, शुक्रवार

बाईंचं घर खोक्यांत गेलं होतं. मशीनवरचा रुमाल काढला होता, भिंतीवर कॅलेंडराच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला होता. स्पोर्ट्स शूज घातलेली एक बाई जमिनीवर बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ही बाईंची सून, रीना. मूळची मेरठची, ऑफिसातून रजा काढून आवराआवरीसाठी आली होती. रिमोटवाली, असं माझ्या मनात लगेच आलं. तिने मान वर करून "हाय" म्हटलं. मी हसले.

मावशीने साडी बाईंच्या हातात दिली. "ही घ्या. रात्री जागून केलीय पोरीने." मग तिला काही तरी आठवलं. "खालच्या दुकानातून साबणाच्या वड्या घेऊन येते. पाहुण्यांना बऱ्या पडतात." आणि ती उतरून गेली.

बाई खिडकीशी बसल्या. काळा चष्मा होता, तरी त्यांनी साडी डोळ्यांजवळ नेली नाही. काठ उलटा केला आणि तर्जनी फॉलवरून फिरवायला लागल्या, अगदी सावकाश, टाका-टाका मोजल्यासारखी.

"इथे घाबरलीयस," त्या म्हणाल्या.

मी माझी बोटं मुठीत मिटून घेतली.

"इथे दोरा जास्त ओढलास. कापड चुणलंय." बोट पुढे गेलं. "इथे परत तेच. पण बघ, इथून जरा सुधारलंय. आणि हे इथून…" त्या थांबल्या. "इथून हात मोकळा झाला तुझा. इथून पुढे एकही चूक नाही. असंच होतं. एकाच साडीच्या लांबीत मुलगी शिकते, मी पाहिलंय किती वेळा."

बाईंनी मास्टरजींचा घाम असा वाचला. त्या वर्णनातली मुलगी मला आवडायला लागली होती. घाबरणारी, दोरा ओढणारी, मग हिंमत धरणारी. मला तिला भेटायला आवडलं असतं.

"शाळेत मुली आयांकडून करून आणायच्या," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, अगं, का फसवता? डोळे फसतील, बोट नाही फसत. हे एक बरं, डोळे गेले तरी बोट आहे."

गप्प राहायला माझ्याकडे दोन कारणं होती. एक, टोपली. दुसरं जास्त चांगलं होतं: खरं सांगितलं तर या वयात, या डोळ्यांनिशी, त्यांच्या बोटावरचा विश्वासही जाईल. हे दुसरं कारण मला फार सोयीचं वाटलं. इतकं उदात्त आणि इतकं फायद्याचं कारण माणसाला रोज मिळत नाही.

बाईंनी टोपली उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

मी पहिल्यांदाच ती हातात घेत होते. हलकी होती, आत सुयांचा बारीक आवाज झाला. तळाशी वीण एके ठिकाणी तुटली होती आणि ती काळ्या दोऱ्याने शिवून घेतलेली होती. फोटोत हे दिसलं नव्हतं. घरी असती तर मी ही शिवण आधी काढून टाकली असती. नंतरच्या हाताची ढवळाढवळ, असंच आम्ही अशा गोष्टींना म्हणतो. मी बोट लावून पाहिलं. टाके जवळजवळ, एकसारखे, आणि वीण जराही हलत नव्हती.

"ती माझी शिवण," बाई म्हणाल्या. "माझा सुनील रांगायला लागला होता, त्याने आपटली. आत बोटात घालायचं अंगुस्तान आहे सासूबाईंचं, तेही तुझं." मग त्या जमिनीवर बसलेल्या सुनेकडे वळल्या आणि त्यांची भाषा बदलली. "देख रीना। चार दिन में। और तुझसे रूमाल का एक कोना नहीं होता।"

रीना हसली, राग न येता. "रूमाल के चारों कोने तीन बार उधड़वाए हैं मम्मीजी ने," ती मला म्हणाली. "ऑफिस की कैब में बैठके सीती हूँ। सब सोचते हैं पागल है।"

"कैब में सिलाई नहीं होती," बाई म्हणाल्या. "हाथ को मोड़ ही नहीं है इसके। जाऊ दे, सगळ्यांना नसतं." आणि भिंतीला धरून त्या आतल्या खोलीत गेल्या. टोपली गुंडाळायला जुनी चादर होती कुठे तरी, ती शोधायला.

रीनाने एक कप कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वैसे रिमोट वाली बात मैंने ऐसे ही बोली थी। मम्मीजी सब बाँटे जा रही थीं, कि बेटे के घर में जगह नहीं होगी। मैंने सोचा, कुछ काम बता दूँ इसका, तो साथ ले आएँगी।" ती टोपलीकडे पाहत होती. "चलो, अच्छा हुआ। आप सिलाई तो करोगी इसमें।"

खाली रस्त्यावर मावशीचा आवाज येत होता. साबणाच्या वासांवरून वाद चालला होता. तिला वर यायला वेळ लागणार होता.

बाई चादर घेऊन बाहेर आल्या. रीनाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मला विचारलं, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं:

"आपने कितने दिन में सीखा?"

गेले पाच दिवस असा प्रश्न आला की मी शेजारी पाहायचे आणि मावशी उत्तर द्यायची. मी शेजारी पाहिलं. तिथे खोकं होतं, त्यावर मार्करने 'किचन' लिहिलेलं. हसून बघितलं, पण रीना वाट बघत राहिली. बाईही चादर हातात धरून उभ्या राहिल्या होत्या, कौतुकाने, चाळीस मुलींच्या वर्गात एकीचं उत्तर सगळ्यांना ऐकवायचं असावं तशा.

टोपली मी उचलली आणि परत मशीनवर ठेवली, जिथे ती सोमवारी होती तिथेच. हातात धरून हे बोलणं बरं दिसलं नसतं.

"मला शिवता येत नाही, बाई. फॉल करोल बागेतल्या एका मास्टरजींनी लावलाय, आणि सुरुवातीला वाकडा लावा म्हणून आम्हीच सांगितलं होतं. टोपली मी काचेच्या कपाटात ठेवली असती."